तिसरं कोटेशन

मार्चचा तिसरा आठवडा. खजुरी बाजारातून पाटोदी येतात,
जिना चढून टेबलापाशी धापा टाकतात,
मग काखेतली तीन पाकिटं पुढे सरकवतात.
तीन दुकानं, तीन लेटरहेडं, तीन शिक्के
आणि अक्षर एकच.
तिन्हीकडे सातचा आकडा तसाच, शेपूट कापल्यासारखा.
मी काही बोलत नाही.
नियमात कोटेशनं तीन हवीत असं आहे,
हात किती असावेत ते लिहिलेलं नाही.

"पच्चीस टक्का, मॅडम. इसके आगे मैं ख़ुद बिक जाऊँगा."

ग्रँट आली अठराला, संपवायची एकतीसला.
तेरा दिवसांत चार लाखांची भूक
लागायला हवी सगळ्या विभागांना.
रसायनवाल्यांना डॉलरमधला डेटाबेस,
त्याला बँकेचं त्या दिवशीच्या दराचं पत्र.
मॅनेजमेंटला एकाच गाइडच्या चाळीस प्रती.
मराठी विभागाचं मागणीपत्रक कोरं येतं,
येतं हेच खूप. खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे राहतात.

तरी यादीच्या तळाशी दरवर्षी
एक ओळ मी टाइप करते.
बिडवाई सरांनी मागितलेलं पुस्तक:
इंदूरच्या जुन्या मराठी दुकानदारांच्या
चोपड्यांवर कुणीतरी लिहिलेलं,
शहाण्णव पानं, किंमत रुपये चार.
सर रिटायर झाल्यावरही यायचे विचारायला,
काउंटरवर छत्री आडवी ठेवून.
"आलं का हो?"
मग एकदा मुलगा आला, सरांकडची दोन पुस्तकं परत करायला.
दंड मी माफ केला. तो अधिकार मला नाही.
ओळ मात्र खोडली नाही.
आणि अकरा वर्षं तिच्यापुढे पाटोदींचं
तेच अक्षर, लाल शाईत: उपलब्ध नहीं.

यंदा पाकिटांखाली चौथं काहीतरी होतं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळी बांधलेलं.
शिक्का कुठल्याशा मंडळाच्या वाचनालयाचा,
त्याच्यावर तिरपं 'रद्द'.
"वाचनालय बंद हुआ ना. पौने दो सौ किलो आया तौल में.
उसी में दबा था."
बिल?
"किसका बनाऊँ? तौल का?"
आम्ही पोस्टाच्या काट्यावर ठेवलं. एकशे दहा ग्रॅम.
बारा रुपये किलोनं एक रुपया बत्तीस पैसे,
पंचवीस टक्के सूट वजा जाता
नव्याण्णव पैसे.
"तीन कोटेशन लाऊँ?" पाटोदी म्हणाले,
आणि हसता हसता त्यांना खोकला लागला,
मी पाण्याची बाटली पुढे केली.

देणगी रजिस्टर काढलं.
"मेरा नाम मत डालना. ऑडिटवाले पूछेंगे,
दुकानदार मुफ़्त में क्यों बाँट रहा है."
दात्याच्या रकान्यात मी बिडवाई लिहिलं.
आद्याक्षरं आठवेनात. तेवढी जागा सोडली.

ते गेल्यावर पानं मोजली, सवयीनं.
बत्तीसनंतर एकोणपन्नास.
तिसरा फॉर्म शिवायचाच राहिलेला,
किंवा कुणी उसवून नेलेला, दोरा तर शाबूत आहे.
बत्तीसच्या तळाशी एका उधारीची गोष्ट सुरू होते,
एकोणपन्नासवर तेलाचे भाव आहेत.
सदोष प्रत विक्रेत्याला परत, असा नियम.
विक्रेता कोण? रकान्यात तर सर आहेत.

आमच्याकडे गुप्त शिक्का एक्केचाळीसाव्या पानावर मारतात.
शिक्का शाईत बुडवून हातात धरून बसले थोडा वेळ,
अंगठा जांभळा झाला.

मग पुढच्या वर्षाची यादी उघडली, अजून पूर्ण रिकामी,
आणि तळाशी टाइप केलं:
पृष्ठे तेहतीस ते अठ्ठेचाळीस. प्रती: एक.
पाटोदी काय लिहायचं ते लिहितील.